आधी हिम ओळखा, मग यंत्र निवडा : खोल हिमासाठी डोंगरी स्नोमोबाइलची निवड

मोरजी, आश्वे किंवा हणजूणच्या किनाऱ्यावर एखाद्या पर्यटकाची मोटार वाळूत रुतल्याची बातमी गोव्याच्या वाचकाला नवी नाही. चाके जागच्या जागी फिरू लागली की चालक गोंधळून ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि मोटार आणखी खोल जाते. तिथे इंजिनाची शक्ती कमी पडत नाही. मोटारीचा भार पेलायला चाकांखालचे क्षेत्रफळ कमी पडते. डोंगरावरच्या ताज्या, भुसभुशीत हिमात हीच गोष्ट घडते. फरक इतकाच की वाळूत रुतलेली मोटार ओढून काढायला ट्रॅक्टर येतो. कमरेइतक्या हिमात, लोकवस्तीपासून दूर अडकलेल्या माणसाच्या मदतीला त्या दिवशी कोणी पोहोचेलच असे नाही.

हिमावरून धावणाऱ्या या वाहनाला स्नोमोबाइल म्हणतात. आपल्याकडे लष्करात आणि थंड हवेच्या पर्यटनस्थळी ‘स्नो स्कूटर’ हे नाव रूढ आहे. जिथे कधी हिम पडत नाही अशा राज्यात हा विषय परका वाटेल. पण गोव्याचा हिमाशी असलेला संबंध जुना आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. वास्कोजवळच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आजही या मोहिमांची सूत्रे आहेत आणि मोहिमेतील वाहनांत स्नोमोबाइलही असते. शिवाय गुलमर्ग किंवा सोलंगला सहलीस जाणारे, तसेच शिक्षण व नोकरीनिमित्त कॅनडात स्थायिक झालेले मराठी आणि गोमंतकीय तरुण या यंत्रावर बसतातच. त्यांतील काही जण ते विकत घेण्याचाही विचार करतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

खरेदीआधीचा प्रश्न

इंदूरच्या सियागंज या जुन्या घाऊक बाजारात किराणा व मसाल्यांच्या पेढ्यांबरोबर पंप, मोटारी, पट्टे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचीही दुकाने आहेत. अशा बाजारातला जाणता दुकानदार पंप मागणाऱ्या शेतकऱ्याला किती अश्वशक्तीचा हवा हे नंतर विचारतो. आधी विहीर किती खोल, पाणी किती अंतरावर न्यायचे, हे विचारतो. काम कळल्यावर यंत्र आपोआप ठरते. स्नोमोबाइलच्या बाबतीत नवखा ग्राहक नेमके उलटे करतो. तो इंजिनाच्या आकड्यापासून सुरुवात करतो आणि हिमापर्यंत पोहोचतच नाही.

योग्य क्रम असा : प्रथम हिम कोणत्या प्रकारचे, मग उतार किती तीव्र व उंची किती, मग चालक किती वजनाचा व किती अनुभवी, आणि सर्वांत शेवटी यंत्र कोणते.

हिम आणि बर्फ

मराठीत हिम आणि बर्फ असे दोन शब्द असले, तरी बोलताना आपण दोन्हींसाठी बर्फच म्हणतो. या विषयात हा भेद पाळावा लागतो. आकाशातून स्फटिकरूपाने पडते ते हिम. पाणी गोठून घट्ट होते तो बर्फ. बर्फाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ९१७ किलो असते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचे तेच वजन अवघे ५० ते १०० किलो भरते, म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचाच असतो. हिम दाबले गेले, वाऱ्याने ठासले गेले किंवा उन्हाने ओले झाले की हेच वजन ३०० किलोच्या पुढे जाते.

यामुळे एका जागी उत्तम चालणारे यंत्र दुसऱ्या जागी निकामी ठरते. अंटार्क्टिकाचा अंतर्भाग हे थंड वाळवंट आहे. तिथे हिमवृष्टी फार थोडी होते आणि पडलेले हिम वाऱ्याने कडक होऊन त्यावर लाटांसारखे कंगोरे उठतात. तिथे रुतण्यापेक्षा आदळण्याची आणि हिमाखाली दडलेल्या भेगांत पडण्याची भीती मोठी. याउलट कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत, अमेरिकेतील रॉकी पर्वताचा प्रदेश, जपानचे होक्काइदो बेट आणि काश्मीरमधील पीर पंजालची रांग येथे हिवाळ्यात कोरड्या, हलक्या हिमाचे थर पडतात. काश्मीरला हे हिम पश्चिमी विक्षोभांमुळे मिळते. ‘पावडर’ म्हणून ज्याचे कौतुक होते ते हेच हिम आणि या लेखाचा विषय असलेले डोंगरी यंत्र त्याच्यासाठीच घडवलेले आहे.

यंत्राचा जन्म

कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर हे गाव आहे. तेथील गॅरेजचालक जोझेफ-आर्मां बाँबार्डिए यांना लहानपणापासून यंत्रांचा नाद होता. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा लहान मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते हिमाखाली बुजलेले असल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. त्यानंतर काही वर्षांत बाँबार्डिए यांनी दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याची रचना सिद्ध केली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सुरुवातीची वाहने मोठी, अनेक माणसे नेणारी होती. डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले यांच्यासाठी ती वापरली गेली. एकट्यादुकट्याला चालवता येईल असे हलके ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आले. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रोझो या गावी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पोलारिस कंपनीनेही पन्नाशीच्या दशकातच असे वाहन बनवले होते.

खेळाचे साधन म्हणून आज ओळखले जाणारे हे यंत्र मुळात अडचणीत सापडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी जन्मले. सियाचीन हिमनदीवर आपले जवान आजही स्नो स्कूटरचा उपयोग सामान वाहण्यासाठी आणि आजारी सहकाऱ्याला खाली आणण्यासाठी करतात.

रचना आणि प्रकार

स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात. त्या दिशा देतात. मागे एक रुंद, अखंड रबरी पट्टा असतो. त्याला ट्रॅक म्हणतात. इंजिनाची शक्ती क्लचच्या दोन कप्प्यांमधील रबरी बेल्टमार्फत पुढे जाते आणि ट्रॅक फिरवते. गोव्याच्या रस्त्यांवरच्या विनागिअर स्कूटरमध्येही हीच पद्धत असते. म्हणून स्नोमोबाइलला पायाने टाकायचे गिअर नसतात.

कामानुसार तीन मुख्य प्रकार पडतात. पहिला प्रकार तयार, दाबलेल्या वाटांवरचा. त्याचा ट्रॅक आखूड, साधारण १२० ते १३७ इंचांचा, आणि दोन स्कींतील अंतर जास्त असते. त्यामुळे वळणावर तो स्थिर राहतो. दुसरा प्रकार कामाचा. रुंद ट्रॅक, मोठी आसने, मागे घसरगाडी ओढण्याची सोय आणि कमी वेगात जास्त ओढ ही त्याची वैशिष्ट्ये. ध्रुवीय तळावर, लष्करात आणि बचावपथकांत तो उपयोगी पडतो. तिसरा प्रकार डोंगरी. तो हलका, अरुंद, लांब ट्रॅकचा आणि खोल दात्यांचा असतो. दाबलेल्या वाटेवर डोंगरी यंत्र डुलते आणि तापते. खोल हिमात वाटेवरचे यंत्र काही मीटरांतच रुतते. ‘दोन्हीकडे चालेल’ असे संकरित प्रकारही मिळतात. पण तडजोड दोन्हीकडे करावी लागते. वर्षातील बहुतेक दिवस कोणत्या हिमावर जाणार, याचे प्रामाणिक उत्तर इथेच द्यावे.

ट्रॅक : सर्वांत महत्त्वाचा भाग

डोंगरी यंत्राची खरी ओळख इंजिन नसून ट्रॅक आहे. त्याची तीन मापे सांगितली जातात : रुंदी, लांबी आणि दात्यांची उंची. उदाहरणार्थ १५ × १६५ × ३ म्हणजे १५ इंच रुंद, १६५ इंच लांब आणि ३ इंच उंच दात्यांचा ट्रॅक. इथे लांबी म्हणजे संपूर्ण पट्ट्याचा घेर होय. जमिनीला टेकणारा भाग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

भार कसा विभागला जातो ते ढोबळ हिशेबाने पाहता येईल. यंत्राचे कोरडे वजन २०० किलो, इंधन ३० किलो आणि साहित्यासह चालक १०० किलो धरला, तर एकूण ३३० किलो होतात. १५ इंच रुंद ट्रॅकचा सुमारे १६० सेंटिमीटर भाग हिमावर टेकला, तर क्षेत्रफळ सहा हजार चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५५ ग्रॅमच्या आसपास भार येतो. ८० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर तोच भार दीडशे ग्रॅमच्या पुढे जातो. सव्वातीनशे किलोंचा डोलारा जिथे वर तरंगतो, तिथे त्यावरून खाली उतरलेला माणूस मांडीपर्यंत बुडतो, त्याचे कारण हे आहे.

लांबी निवडताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १४६ ते १५५ इंचांचा ट्रॅक चपळ असतो. झाडांमधून वळणे घेणे, यंत्र कलते करून उताराला आडवे जाणे हे त्यावर सोपे जाते. हलक्या वजनाच्या आणि शिकणाऱ्या चालकाला तो मानवतो. १६३ ते १६५ इंच हे बहुतेक अनुभवी चालकांना पटलेले मधले माप आहे. हिम खोल असले तरी ते तरंगते आणि वळतेही. १७४-१७५ इंचांचा ट्रॅक तीव्र चढ, अतिखोल हिम आणि वजनदार चालक यांच्यासाठी असतो. मात्र तो वळवायला ताकद लागते आणि झाडांच्या दाटीत तो अवघड होतो.

दात्यांना लग म्हणतात. वाटेवरच्या यंत्राचे दाते सव्वा-दीड इंचांचे, तर डोंगरी यंत्राचे अडीच ते तीन इंचांचे असतात. वल्ह्याचे पाते जितके मोठे तितके पाणी जास्त ढकलले जाते, तसेच हे आहे. पण वल्हे मोठे झाले की हातही लवकर दमतात. तीन इंचांचे दाते फिरवण्यासाठी इंजिनाला जादा शक्ती खर्चावी लागते आणि कडक हिमावर ते लवकर झिजतात किंवा फाटतात. ज्या प्रदेशात हिम लवकर बसते, तिथे अडीच इंचांच्या आसपासचे दाते पुरेसे ठरतात. कोरडे हिम वारंवार पडते आणि इंजिनही मोठे आहे, तिथेच तीन इंचांचा विचार करावा.

इंजिन आणि उंची

डोंगरी यंत्रांत आजही टू-स्ट्रोक इंजिनाचे राज्य आहे. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या बजाज स्कूटरी आणि यामाहा आरएक्स १०० याच जातीच्या होत्या. वजनाच्या मानाने जास्त शक्ती हा या इंजिनाचा गुण डोंगरात निर्णायक ठरतो. फोर-स्ट्रोक इंजिन इंधन कमी पिते आणि टिकते जास्त. पण ते जड असते आणि खोल हिमात पुढचा भाग जड झाला की नाक बुडते.

साधारणपणे ६०० ते ६५० सीसीचे इंजिन शिकणाऱ्यासाठी आणि ८५० सीसीचे सरावलेल्या चालकासाठी योग्य मानले जाते. ८५० सीसीची इंजिने समुद्रसपाटीला सुमारे १६५ अश्वशक्ती देतात. मात्र डोंगर समुद्रसपाटीला नसतो. उंची दर ३०० मीटरने वाढली की हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर आहे. तिथे १६५ अश्वशक्तीचे इंजिन १२०च्या आसपास येते. गुलमर्गच्या रोपवेचा दुसरा टप्पा अफरवटच्या ज्या उंचीला पोहोचतो, तिथे म्हणजे सुमारे ३,९५० मीटरवर, शंभरच्या थोडीच वर शक्ती उरते.

ही उणीव भरून काढण्यासाठी टर्बो वापरतात. तो हवा दाबून इंजिनात पाठवतो. कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक यंत्रे २०२०च्या श्रेणीपासून स्की-डूने आणि २०२२च्या श्रेणीपासून पोलारिसने विक्रीस आणली. सुमारे २,४०० मीटरच्या वर सतत जाणाऱ्या, अनुभवी आणि खिसा मोठा असलेल्या चालकालाच टर्बोचा खरा लाभ आहे. त्यामुळे किंमत, वजन आणि देखभाल वाढते. नवख्याच्या हाती जास्त शक्ती आली की दोन गोष्टी घडतात : तो जास्त खोल रुततो, किंवा ज्या उतारावर जायला नको होते तिथे पोहोचतो. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे.

वजन, तोल आणि थंडावा

माहितीपत्रकात छापलेले वजन कोरडे असते. त्यात इंधन, तेल आणि शीतक धरलेले नसते. प्रत्यक्षात ३० ते ४० किलो अधिक धरावेत. रुतलेले यंत्र हाताने उचलून वळवावे लागते, तेव्हा यांतील प्रत्येक किलो जाणवतो.

डोंगरी यंत्राच्या दोन स्कींतील अंतर सुमारे ३६ इंच ठेवतात. वाटेवरच्या यंत्रात ते ४२ इंचांच्या घरात असते. अरुंद यंत्र कलते करणे सोपे जाते. खोल हिमात वळण हँडलने कमी आणि शरीराचा भार एका बाजूला टाकून अधिक घेतले जाते. चालक बहुतेक वेळ उभा असतो. म्हणून खरेदीपूर्वी उभे राहून हँडलची उंची, पाय ठेवण्याच्या फळ्यांची पकड आणि आसनाची रुंदी तपासावी. पाच फूट चार इंच उंचीच्या चालकाला सहा फुटी मित्राचे यंत्र सोयीचे असेलच असे नाही.

थंडाव्याचा मुद्दा अनेकांना चकवतो. ट्रॅकने उडवलेले सैल हिम आतल्या बाजूच्या नळ्यांवर पडते आणि त्यामुळेच इंजिनाचे शीतक गार होते. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांनाही हिमच ओलावा देते. कडक बर्फावर किंवा रस्त्यावर हे यंत्र नेले तर आजूबाजूला शून्याखालचे तापमान असूनही इंजिन तापते आणि त्या पट्ट्या वितळतात. दाबलेल्या वाटेवरून डोंगरापर्यंत जायचे असेल, तर हिम खरवडून उडवणारे लहान तारेचे ओरखडे बसवून घ्यावेत.

कंपनी, किंमत आणि जुने यंत्र

डोंगरी श्रेणीत स्की-डूचे समिट, पोलारिसचे आरएमके आणि आर्क्टिक कॅटची एम मालिका ही प्रमुख नावे. स्की-डूचीच भगिनी असलेली लिंक्स ही मूळची फिनलंडची. यामाहाने २०२५च्या श्रेणीनंतर स्नोमोबाइलची निर्मिती थांबवली. आर्क्टिक कॅटची मालकीही अलीकडे बदलली आहे. म्हणून यंत्राच्या गुणांइतकीच विक्रेत्याची जवळीक आणि सुट्या भागांची हमी महत्त्वाची. हंगाम तीन-चार महिन्यांचा असतो आणि एका भागासाठी तीन आठवडे थांबणे म्हणजे हंगामाचा मोठा भाग गमावणे होय.

पूर्ण क्षमतेचे नवे डोंगरी यंत्र अमेरिकेत साधारण १५ ते २० हजार डॉलरना पडते. त्यावर ने-आण करण्याचा ट्रेलर, विमा, नोंदणी, कपडे आणि सुरक्षासाहित्य यांचा खर्च वेगळा. त्यामुळे पहिले यंत्र जुने घेणे व्यवहार्य ठरते. जुने यंत्र पाहताना पुढील तपासणी चुकवू नये :

- इंजिन थंड असताना सुरू करायला लावावे. गरम करून ठेवलेल्या इंजिनाचे दोष लपतात.
- दोन्ही सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा आणि तो जवळपास सारखा आहे का, ते पाहावे.
- ट्रॅक पूर्ण फिरवून फाटलेले दाते आणि उघडे पडलेले धागे तपासावेत.
- ट्रॅकवरचे ॲल्युमिनियमचे आवरण वाकलेले किंवा पुन्हा ठोकून सरळ केलेले आहे का, ते पाहावे. उलटलेल्या यंत्राची खूण तिथेच सापडते.
- क्लचचा बेल्ट झिजला आहे का, ते पाहावे. जादा बेल्ट सोबत ठेवणे अनिवार्यच.
- बाहेरून टर्बो किंवा इतर फेरबदल केलेले यंत्र नवख्याने टाळावे.

हिमस्खलन : यंत्राआधीची खरेदी

आतापर्यंत सांगितलेले सारे यंत्र पुढे नेण्याविषयी होते. पण डोंगरी यंत्र जिथे सर्वाधिक आनंद देते, नेमका तोच उतार सर्वाधिक धोक्याचा असतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि ताज्या, खोल हिमाची ओढही तिथेच असते. पायी जाणाऱ्याला असा उतार गाठायला तास लागतात. यंत्र तो काही मिनिटांत गाठून देते. विचार करायला मिळणारा वेळ त्यामुळे नाहीसा होतो.

१३ मार्च २०१० रोजी कॅनडातील रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाइलस्वारांचा अनौपचारिक मेळावा भरला होता. चढावर जास्तीत जास्त उंच कोण जातो, अशी चढाओढ सुरू असताना वरून हिमाचा कडा सुटला. पायथ्याशी उभे राहून पाहणारेही त्याखाली सापडले. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धप्रशालेचे प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. प्रशिक्षित जवान आणि अनुभवी स्कीपटू यांनाही हिमाने गाठले आहे. तिथे चार दिवसांच्या अनुभवावर विसंबणे योग्य नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास येते. बचावपथक इतक्या वेळात पोहोचू शकत नाही. वाचवू शकतो तो फक्त सोबतचा माणूस, आणि तोही त्याच्याकडे साधने आणि सराव असेल तरच. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात. पहिली, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि घेणारा बीकन. तो अंगावर बांधलेला असावा. दुसरी, हिमात खुपसून शोध घेण्याची घडीची काठी, म्हणजे प्रोब. तिसरी, धातूचे फावडे. प्रोब आणि फावडे यंत्रावर बांधलेल्या पिशवीत ठेवू नये, पाठीवरच्या पिशवीत ठेवावे. कारण हिमस्खलनात यंत्र आणि माणूस वेगळे होतात. दोरी ओढताच फुगणारी एअरबॅगची पिशवी माणसाला वरच्या थरात ठेवण्यास मदत करते. ती महाग असली तरी टर्बोपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगाची आहे.

काही नियम कोणत्याही साधनाइतकेच मोलाचे आहेत. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे हिमस्खलन-पूर्वानुमान वाचावे. कॅनडात ‘ॲव्हलांच कॅनडा’ ही रेव्हलस्टोकस्थित संस्था ते देते. भारतात चंडीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेकडून असे इशारे दिले जातात. उतारावर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी पायथ्याशी, हिम कोसळण्याच्या वाटेत यंत्रे उभी करू नयेत. चढावर सोबत्याचे यंत्र रुतले, तर त्याच्या मदतीला दुसरे यंत्र वर नेऊ नये. वाढलेल्या भाराने थर सुटतो. कपड्याला जोडलेली इंजिन बंद करण्याची दोरी कधीही काढू नये. एकट्याने तर जाऊच नये.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

गुलमर्ग, सोलंग किंवा तत्सम ठिकाणी पर्यटकांना जी फेरी मिळते, ती बहुधा दाबलेल्या हिमावरची आणि सोबत चालक असलेली असते. तिथे यंत्र निवडण्याची संधी क्वचितच मिळते. पण प्रश्न विचारण्याची संधी नेहमी असते. हेल्मेट मिळेल का, इंजिन बंद करण्याची दोरी आहे का, वाट कुठपर्यंत आहे, आज हिमस्खलनाचा इशारा आहे का, हे चार प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. ‘वर ताजे हिम आहे, थोडे जास्त पैसे द्या, तिथे नेतो’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नकार द्यावा. लहान मुलाला पुढे बसवून फेरी मारू नये. सैल ओढणी, मफलर किंवा पदर फिरत्या ट्रॅकमध्ये अडकू शकतो, याचे भान ठेवावे. प्रवासविम्यात साहसी खेळ वगळलेले तर नाहीत ना, हेही गोव्याहून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

ज्यांना हे कौशल्य खरोखर शिकायचे आहे, त्यांनी आधी हिमावर चालणे आणि उभे राहणे शिकावे. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचे अभ्यासक्रम त्यासाठी आहेत. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या शास्त्रज्ञांनाही थेट जहाजावर किंवा विमानात बसवले जात नाही. उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत त्यांना हिमाचे पाठ घ्यावे लागतात.

थोडक्यात निवड

शिकणाऱ्या, मध्यम वजनाच्या चालकाने १४६ ते १५५ इंचांचा ट्रॅक, अडीच इंचांच्या आसपासचे दाते आणि ६०० ते ६५० सीसीचे, जुने पण सुस्थितीतील यंत्र पाहावे. दोन-तीन हंगाम काढलेल्या आणि कोरड्या, खोल हिमाच्या प्रदेशात राहणाऱ्याने १६५ इंच आणि ८५० सीसी हे माप डोळ्यांसमोर ठेवावे. उंच डोंगरात नियमित जाणाऱ्या, वजनदार आणि कसलेल्या चालकानेच १७५ इंच किंवा टर्बोकडे वळावे. ज्याला सामान ओढायचे आहे किंवा शेतघरापर्यंतची वाट पार करायची आहे, त्याने डोंगरी यंत्राच्या मोहात न पडता रुंद ट्रॅकचे कामाचे यंत्र घ्यावे.

आणि वरीलपैकी कोणतेही यंत्र घेताना बीकन, प्रोब, फावडे आणि हिमस्खलनाचे प्रशिक्षण यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरलेल्या रकमेत बसेल तेच आपले यंत्र.